रायफल घेण्याआधी
(तलासरी येथील बैठकीत केलेले भाषण)



आम्ही कोरडवाहू मुलखातून आलो आहोत. तुमच्याकडे भात आणि नागली, आमच्याकडे कपाशी आणि ज्वारी. पीक वेगळे, पण रात्रीची जागल तीच. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरांचा कळप एका रात्रीत वावर आडवे करतो. कपाशीत रोही शिरतात. म्हणून आमच्याकडे पारावर आता एकच प्रश्न निघतो : रायफल कोणती घ्यावी?

आधी त्याचे उत्तर देतो. बोल्ट मागेपुढे करून एकेक गोळी चढवायची रायफल आपल्या देशात बहुधा ईशापूरच्या सरकारी कारखान्याची, .३१५ बोअरची मिळते. जुनी घ्याल तर बोल्टवरचा नंबर आणि बंदुकीवरचा नंबर एकच आहे का, ते पाहा. नळीत उजेड धरून गंज पाहा. काडतुसे जवळपास मिळतात का, ते विचारा. सुधारणा करायची तर दुर्बिणीवर पैसे घालू नका. दस्ता खांद्याला बसला पाहिजे, मागे रबराची गादी हवी, नेम जुळवलेला हवा. आणि दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच करा. गावातल्या लोहाराकडून नळी कापून घेतली तर तो गुन्हा आहे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. १९५९ चा शस्त्र कायदा पीक राखायला ठासणीची बंदूक देतो. ती पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळते. पीकरक्षणाच्या या कलमात रायफलीचे नाव नाही. त्याला कारणही आहे. छर्रा थोड्या अंतरावर गळून पडतो, रायफलीची गोळी किलोमीटरच्या पुढे जाते. आमच्या सपाट रानात दोन धुरे ओलांडले की दुसरा शेतकरी जागलीला बसलेला असतो. अंधारात डुकरावर मारलेली गोळी कोणाच्या माचाणावर जाईल?

शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानडुक्कर आणि रोही दोन्ही संरक्षित आहेत. उभ्या पिकाला धोका असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी मारण्याचा लेखी हुकूम देऊ शकतो. तो कागद नसेल तर पीक आपले गेले आणि आरोपीही आपणच झालो. हुकमाने मारलेले जनावरसुद्धा सरकारचे असते, ते घरी नेता येत नाही.

म्हणजे जनावर सरकारचे आणि नुकसान मात्र आमचे! आमचे भांडण इथे आहे.

१९४५ साली २३ मे रोजी झरीला वारली बांधव जमले आणि त्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचे प्राण गेले. बंदूक समोरच्यांच्या हातात होती, तरी वेठ संपली. ती एकीने संपली.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. कर्ज काढून रायफल घेऊ नका. पीक पडले की त्याच दिवशी अर्ज द्या, पंचनामा लिहून घ्या, त्याची नक्कल मागा. प्रत्येक गावाने ग्रामसभेत ठराव करावा : हंगामाआधी लेखी परवानगी द्या, नाहीतर नुकसानीची पूर्ण भरपाई द्या. एकट्याचा अर्ज टेबलाखाली जातो. शंभर गावांचे ठराव एकाच दिवशी वनखात्याच्या कचेरीत गेले, तर साहेबाला ते वाचावेच लागतील.