पैनगंगेच्या पलीकडे
(नामविस्तार दिनाच्या सभेतील भाषण)



दरवर्षी १४ जानेवारीला आपण विद्यापीठाच्या गेटवर नतमस्तक होतो आणि यवतमाळला परत येतो. ज्या गावांनी या नावासाठी आग सोसली, तिकडे आपली गाडी वळत नाही. गेल्या वर्षी आम्ही पाच जण मुद्दाम वळलो. उमरखेड सोडून पैनगंगेचा पूल ओलांडला की नांदेड जिल्हा. इतके जवळ!

इतिहास आपणास ठाऊक आहे. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले १९५८ साली. बाबासाहेबांनी त्याआधी ८ वर्षे औरंगाबादेत कॉलेज काढले होते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यातील आपल्या वस्त्या पेटल्या. ४ ऑगस्टला टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना जाळून मारले. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. त्यानंतर १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला.

आम्ही ज्या वस्तीत गेलो तेथे आज जळाल्याची खूण नाही. सिमेंटची घरे, निळा झेंडा, लहानसे विहार. आम्ही मात्र खूण शोधत फिरत होतो, जणू लेणी पाहायला आलो होतो. याची लाज नंतर वाटली. एका आजीने जाते दाखवले. घर गेले, ज्वारी गेली, भांडी गेली. जाते दगडाचे म्हणून राहिले. आमच्यापैकी एकाने विचारले, "जाळणारे कोण होते?"

"कोण म्हंजे? गावातलेच की. आग विझली, अन् त्यांच्याच शेतात निंदायला गेलो. दुसरीकडं कुठं जावं?"

मग तिने विचारले, "तुम्ही कुठले?"

"पुलापलीकडचे, यवतमाळ जिल्ह्यातले."

"तवा आला न्हाईत."

आम्ही गप्प. त्या पावसाळ्यात आमच्या गावी निषेधाची सभा झाली, ठराव झाला, तार गेली. पूल कोणी ओलांडला नाही. भीती होती, हे आज कबूल करतो.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९९४ सालीच नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि नांदेड जिल्ह्यातील कॉलेजे त्याला जोडली गेली. म्हणजे ज्या वस्त्या बाबासाहेबांच्या नावासाठी जळाल्या, त्यांच्या नातवंडांच्या पदवीवर ते नाव नाही! जवळ विद्यापीठ झाले याचा आनंदच आहे. तरी आम्हाला हे लागले. आजीची नात नांदेडला बी.ए. करते. आम्ही तिच्यापाशी खंत बोललो, तर म्हातारीच म्हणाली, "नाव काय आपल्या घरावर लावायचं होतं का? पोरगी शिकती न्हवं?"

तिथल्या विहारात कपाट आहे, पण पुस्तके चारच. स्पर्धा परीक्षेची आणि बाबासाहेबांच्या ग्रंथांची आम्ही कबुली देऊन आलो आहोत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी बुद्धपौर्णिमेपर्यंत मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावीत. पोहोचवायला आम्ही जाऊच; गाडीत आणखी तिघांची जागा आहे.

जयभीम!