पाच सेंटांचे नाणे



परक्या देशातील स्वस्ताई-महागाईविषयी बोलायचे म्हटले की भावांचे एक कोष्टक श्रोत्यांपुढे मांडण्याचा परिपाठ आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावरील अमेरिकेविषयी तसे कोष्टक करणे मुळीच अवघड नाही. १९५० साली तेथील मध्यम स्थितीतील कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सुमारे ३,३०० डॉलर होते. पेट्रोल गॅलनला २७ सेंटांच्या आसपास मिळे. साधे पत्र ३ सेंटांच्या तिकिटावर न्यूयॉर्कहून थेट कॅलिफोर्नियापर्यंत जाई. परंतु असली कोष्टके ऐकताना आपण ‘अस्से!’ म्हणतो आणि लगेच विसरून जातो. म्हणून आज मी कोष्टक बाजूस ठेवून एकाच नाण्याची हकीकत सांगणार आहे. हे नाणे म्हणजे पाच सेंटांचे ‘निकल’.

नावाने हे निकल असले तरी अंगाने ते तांबेच आहे, कारण त्यात तीन भाग तांबे आणि एक भाग निकल असते. वजन बरोबर पाच ग्रॅम. १९३८ पासून त्याच्या दर्शनी बाजूस थॉमस जेफरसन या राष्ट्राध्यक्षाचा मुखवटा आणि पाठीमागे त्याचे मॉन्टिसेलो येथील घुमटदार घर कोरलेले असे. सर्व माणसे समान जन्मतात असे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणारा हा पुरुष. त्याच्या त्या घराची शेतीवाडी मात्र गुलामांच्या श्रमावर चालत असे. नाण्यावर अर्थातच त्याचा उल्लेख नाही.

या नाण्याची किंमत आपल्या हिशेबात किती? १९४९ च्या सप्टेंबरात रुपयाचे अवमूल्यन झाल्यापासून १९६६ पर्यंत डॉलरला ४ रुपये ७६ पैसे असा भाव होता. म्हणजे निकल हे चार आण्यांहून किंचित कमी, आपली पावलीच म्हणा ना! ज्या हैदराबादकर वडीलधाऱ्यांनी हाली सिक्का आणि कलदार रुपया यांचा रोजचा हिशेब तोंडी केला आहे, त्यांना हे गणित सांगण्याची आवश्यकता नाही. पण अशा रूपांतराने फसगतच अधिक होते. एखादी वस्तू स्वस्त की महाग हे ठरवायचे तर तिच्यासाठी किती वेळ राबावे लागले, असे विचारणे बरे. १९५० च्या जानेवारीपासून अमेरिकेत कायद्याने ठरविलेले किमान वेतन तासाला ७५ सेंट होते. या हिशेबाने निकल म्हणजे चार मिनिटांची मजुरी. १९५६ च्या मार्चमध्ये हे वेतन एक डॉलर झाले आणि चार मिनिटांची तीन मिनिटे झाली. मात्र शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका यांना हा कायदा त्या काळी लागू नव्हता. ही गोष्ट ध्यानात असू द्यावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

चार मिनिटांच्या या मजुरीत काय मिळे? पहिले नाव अर्थात कोका-कोलाचे. १८८६ साली हे पेय अटलांटा शहरात प्रथम विकले गेले तेव्हा एका पेल्याला पाच सेंट पडत. दोन महायुद्धे झाली, १९२९ नंतरची भयानक मंदी येऊन गेली, साखरेचे भाव चढले आणि उतरले; पण १९५० उजाडले तरी साडेसहा औंसांच्या बाटलीची किंमत पाच सेंटच होती. अर्थशास्त्राच्या पंडितांनाही कोडे पडावे अशी ही गोष्ट आहे. तिची कारणे पाहू गेल्यास मोठी मौज वाटते.

पहिले कारण म्हणजे एक अदूरदृष्टीचा करार. १८९९ साली चॅटनूगा गावचे दोन वकील कंपनीचे मालक आसा कँडलर यांच्याकडे आले आणि बाटल्या भरून विकण्याचा हक्क त्यांनी मागितला. त्या काळी हे पेय दुकानातील नळाखाली पेला धरूनच प्यायचे असे. बाटलीचा धंदा फारसा चालेल असे कँडलरना वाटले नाही. त्यांनी हक्क देऊन टाकला आणि अर्काचा भाव कायमचा बांधून दिला. धंदा अफाट वाढला. आता बाटलीवाल्यांनी किंमत वाढविली तर नफा त्यांच्या घरी जाणार आणि खप घटल्याचे नुकसान मात्र कंपनीच्या अंगावर येणार! तेव्हा किंमत वाढविण्याची सोयच राहू नये म्हणून कंपनीने देशभर भिंतींवर, पाट्यांवर, पंख्यांवर ‘पाच सेंट’ हे शब्द रंगवून टाकले. १९२१ मध्ये करार बदलला, पण भिंती बोलतच राहिल्या.

दुसरे कारण याहून साधे आहे. आपल्याकडील रेल्वे स्थानकांवर वजनाची यंत्रे असत. नाणे टाकले की वजनाचे तिकीट बाहेर येई. अमेरिकेत तशाच यंत्रातून बाटली बाहेर पडे. ही यंत्रे एकच नाणे ओळखीत, आणि ते म्हणजे निकल. किंमत एका सेंटाने वाढवावी तर गिऱ्हाइकाने खिशात दोन निरनिराळी नाणी बाळगावयास हवीत, आणि यंत्रालाही ती दोन्ही ओळखता यावयास हवीत. निकलच्या वरचे नाणे ‘डाइम’, म्हणजे दहा सेंटांचे. तेथवर जावे तर किंमत एकदम दुप्पट! या अडचणीतून सुटण्यासाठी कंपनीच्या मंडळींनी एक अजब तोड सुचविली. दर नऊ बाटल्यांत एक बाटली रिकामी ठेवावी. जिच्या वाट्याला ती येईल तिने नशिबाला बोल लावून दुसरे निकल टाकावे. सुदैवाने ही कल्पना देशभर अमलात आली नाही. पुढे १९५३ साली कंपनीचे सूत्रधार रॉबर्ट वुड्रफ यांनी आपले स्नेही राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना गळ घातली की सरकारने साडेसात सेंटांचे नवे नाणे पाडावे. एका पेयासाठी एका महाराष्ट्राने नव्हे, एका महा-राष्ट्राने आपले चलन बदलावे, अशी ही विनंती! सरकारी खजिन्याने ती मानली नाही. अखेर गावोगाव भाव निरनिराळे झाले, आणि १९५९ पर्यंत पाच सेंटांची बाटली नाहीशी झाली. हेच पेय १९५० साली भारतात आले, १९७७ साली येथून गेले आणि १९९३ साली परत आले. पण ती कथा वेगळी.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचेही असेच. १९०४ साली ती सुरू झाली तेव्हा भाडे पाच सेंट. पाच मैल जा की वीस मैल जा, निकल टाकले की फाटक फिरले. ४४ वर्षे हे भाडे टिकले, कारण ते वाढविणाऱ्याला मते कोण देणार? १ जुलै १९४८ रोजी ते दहा सेंट झाले. पाचच वर्षांनी पंधरा करण्याची पाळी आली तेव्हा फाटकांत दोन नाणी घेण्याची सोय नसल्याने छोटी पितळी टोकने काढावी लागली. ती टोकने पन्नास वर्षे, २००३ पर्यंत, न्यूयॉर्ककरांच्या खिशांत वाजत होती.

मला स्वतःला अधिक कुतूहल वाटते ते ‘ऑटोमॅट’ नावाच्या उपाहारगृहांचे. हॉर्न आणि हार्डार्ट या जोडीने १९०२ साली फिलाडेल्फियात आणि १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये ती काढली. आत शिरताच भिंतभर काचेची लहान लहान दारे दिसत. प्रत्येक दारामागे एक पदार्थ. एका काउंटरवर बसलेल्या बाई नोट घेऊन न मोजता, केवळ बोटांच्या अंदाजाने, नेमकी तितकी निकले आपल्यापुढे फेकीत. नाणी भोकात टाकावीत, मूठ फिरवावी, दार उघडावे आणि बशी उचलावी. कॉफीसाठी डॉल्फिन माशाच्या तोंडाचे रुपेरी नळ होते. एका निकलला एक पेला. वाढप्याला बक्षिसी नाही आणि कोणी ‘आणखी काय आणू?’ म्हणून डोक्यावर उभाही राहावयाचा नाही. कपर्दिकहीन नट, विमा कंपनीतील कारकून आणि भरजरी पोशाखातील मंडळी एकाच टेबलावर बसत. १९५० मध्ये ही कॉफी दहा सेंट झाली. युद्धकालीन भावनियंत्रण १९४६ मध्ये उठले होते आणि १९४५ ते १९४८ या तीन वर्षांत जिनसांचे भाव सुमारे एक-तृतीयांशाने चढले होते. तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. ‘ऑटोमॅट’ची रया मात्र त्यानंतर हळूहळू गेली. न्यूयॉर्कमधील शेवटचे १९९१ मध्ये बंद झाले.

करमणुकीतही हे नाणे फिरत होतेच. सार्वजनिक टेलिफोन एका निकलला होता. न्यूयॉर्कमध्ये १९५१ साली तो डाइमवर गेला. ज्यूकबॉक्स म्हणजे तबकड्या वाजविणारे यंत्रही आरंभी एका निकलला एक गाणे ऐकवी. १९४९ साली ४५ फेऱ्यांच्या लहान तबकड्या निघाल्या आणि पुढच्याच वर्षी त्या या यंत्रांत बसल्या. या यंत्राचा एक गुण फारसा कोणी सांगत नाही. गाणारा काळा की गोरा याची चौकशी यंत्र करीत नसे, आणि नाणे टाकणाऱ्याचीही करीत नसे. चक बेरी या कृष्णवर्णी गायकाची ‘मेबेलीन’ ही तबकडी १९५५ मध्ये गोऱ्या मुलामुलींनीही उचलून धरली. एल्व्हिस प्रेस्ली या गोऱ्या तरुणाची १९५४ सालची पहिली तबकडी मुळात आर्थर क्रडप या कृष्णवर्णी गायकाच्या गाण्याची होती. वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली. मुलांनी नाणी टाकली.

परंतु यंत्राने जे केले ते माणसांनी केले नाही. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांचे नाणे सर्वत्र घेतले जाई, त्याच्या मोबदल्यात जे द्यावयाचे ते मात्र तोडून दिले जाई. अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी शहरात बसचे भाडे दहा सेंट होते. पुष्कळदा असे होई की काळ्या उतारूने पुढच्या दाराने चढून दहा सेंट भरावयाचे, मग खाली उतरून मागच्या दाराकडे जावयाचे. आणि तो तेथे पोचण्यापूर्वी बस चालू झाली तर दोष कोणाचा? १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या बाईंनी जागा सोडण्याचे नाकारले, त्यांना अटक झाली, आणि ५ तारखेपासून शहरातील कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. बसने जाणाऱ्यांत सुमारे तीन-चतुर्थांश तेच होते. तेव्हा बसवाल्यांच्या गल्ल्यावर त्याचा परिणाम काय झाला असेल हे सांगावयास नको.

येथेही हिशेब नाण्यांचाच होता. कृष्णवर्णी टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, दहा सेंटांत, माणसे पोचविण्यास प्रारंभ केला. नगराच्या अधिकाऱ्यांनी नियम दाखविला की ४५ सेंटांहून कमी घेणाऱ्यास दंड होईल. पायी जाणाऱ्यांत गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक आणि धुणी करणाऱ्या बाया मोठ्या संख्येने होत्या. किमान वेतनाचा कायदा ज्यांच्यापर्यंत पोचला नव्हता त्या याच. ३८१ दिवस हे चालले. चार मैल पायी गेल्याने वाचलेले दहा सेंट ही त्या घरात क्षुल्लक रक्कम नव्हती हे खरे. पण त्या वाचवण्यासाठी चालत नव्हत्या. १९५६ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाला आणि २१ डिसेंबरला त्या बसमध्ये हव्या त्या जागी बसल्या.

आता शेवटचे दुकान. फ्रँक वुलवर्थ याने १८७९ साली दुकान काढले तेव्हा आतील प्रत्येक वस्तू पाच सेंटांना होती. पुढे दहा सेंटांच्या वस्तू आल्या आणि अशा दुकानांना ‘फाइव्ह अँड टेन’ हेच नाव पडले. या निकलांच्या राशीतून त्याने १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये, त्या वेळी जगातील सर्वांत उंच, अशी इमारत रोख पैसे मोजून उभी केली. १९३० नंतरच्या दशकात दहा सेंटांची मर्यादा सुटली, तरी दुकान गोरगरिबांचेच राहिले. बहुतेक शाखांत खाण्यापिण्याचा एक लांबलचक काउंटर असे.

नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो गावच्या शाखेत १ फेब्रुवारी १९६० रोजी दुपारी तेथील कृष्णवर्णी महाविद्यालयाचे चार विद्यार्थी आले. एझेल ब्लेअर, फ्रँकलिन मॅकेन, जोसेफ मॅक्नील आणि डेव्हिड रिचमंड ही त्यांची नावे. त्यांनी प्रथम दातांची पेस्ट वगैरे किरकोळ जिनसा विकत घेतल्या आणि पावत्या जपून ठेवल्या. मग ते काउंटरपाशी बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. ‘येथे तुम्हांला मिळत नाही’ असे उत्तर आले. याच दुकानाने दोन पावलांवर आमचे पैसे आताच घेतले, ही पहा पावती, हे त्यांचे म्हणणे. ते दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, आणि आठवडा संपण्यापूर्वी त्यांची संख्या शेकड्यांवर गेली. पुढील काही आठवड्यांत दक्षिणेतील अनेक गावांच्या काउंटरांवर असेच तरुण येऊन बसू लागले. त्यांच्या अंगावर साखर आणि चटण्या ओतल्या गेल्या, कित्येकांना तुरुंगात नेले. ते बसतच राहिले.

ग्रीन्सबरोच्या शाखेचा धंदा बसला. अखेर २५ जुलै १९६० रोजी व्यवस्थापकाने तो काउंटर सर्वांना खुला केला. मोठा समारंभ काही झाला नाही. प्रथम ज्यांना वाढले ते त्या दुकानातीलच चार कृष्णवर्णी नोकर होते. इतकी वर्षे त्यांनी तेथे काम केले होते, आणि त्या दिवशी ते प्रथमच साधे कपडे घालून काउंटरच्या या बाजूस बसले होते.