दहाच्या आतले मजूर
(लासलगाव येथे बांधकाम मजुरांपुढे केलेल्या भाषणातून)

येथील बाजार समितीत कांद्याच्या प्रत्येक क्विंटलची नोंद होते. परंतु तो कांदा ज्या शेडमध्ये साठतो, तिच्या छतावर पत्रे ठोकणाऱ्या मजुराची नोंद कोठे आहे? तो खाली पडला, तर त्या दिवशी तो कोणाच्या कामावर होता हे सिद्ध करणेही त्याच्या कुटुंबाला जड जाते.

३१ जुलै-१ ऑगस्ट २०२३ च्या रात्री शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असता गर्डर बसविणारे अवजड यंत्र कोसळून २० जणांचा बळी गेला. देशाने त्याची दखल घेतली. एकेकटा पडून मरणाऱ्याची दखल कोण घेणार?

संसदेने १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी कायदा केला. पण तो दहा वा अधिक मजूर असलेल्या कामांपुरताच होता. २०२० च्या संहितेनेही दहाची ही मर्यादा कायम ठेवली. आपल्या भागातील घरे आणि कांदाचाळी तर बहुधा पाच-सहा जणांची टोळीच बांधते! म्हणजे जेथे देखरेख सर्वांत कमी, तेथेच कायद्याचे संरक्षणही नाही. ही मर्यादा रद्द झाली पाहिजे, ही आपली पहिली मागणी आहे.

बांधकामांवरील उपकरातून मजुरांच्या कल्याणासाठी निधी जमतो. देशभरात असे ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमले असता सुमारे ९,५०० कोटीच खर्ची पडले, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ च्या निकालात नमूद केले. हा पैसा कोणाची मेहेरबानी नव्हे. १८ ते ६० वयाच्या व वर्षात ९० दिवस बांधकामावर राबलेल्या प्रत्येक मजुराची कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून घेणे, हे कार्यकर्त्यांचे काम होय.

मात्र कायदा बदलेपर्यंत मरण थांबत नाही. काळ्या मातीत छातीइतका खोल चर असेल, तर कडांना आधार दिल्याशिवाय आत उतरू नये. परांचीचे बांध रोज सकाळी तपासावेत. विजेच्या तारांखाली सळई उभी धरू नये. हेल्मेट व कमरपट्टा ठेकेदाराने द्यावा. त्याचे पैसे मजुरीतून कापू देऊ नयेत.

हे एकट्याने बजावले, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा मजूर उभा केला जातो. साऱ्या नाक्याने बजावले, तर ठेकेदाराला पट्टा आणावाच लागतो. म्हणून साथींनो, आपली पहिली सुरक्षा आपली एकजूट हीच आहे.