गोळीचं नाव विचारा, कंपनीचं नको
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर आणि ज्वारीवर सकाळपासून बोलून झालं. आता आम्हाला अशा एका खर्चावर बोलायचं आहे, जो उत्पादन खर्चाच्या कुठल्याच तक्त्यात सापडत नाही. तो म्हणजे घरातल्या बाईच्या औषधाचा खर्च. त्यातही पाळी गेल्यावर किंवा पिशवी काढल्यावर डॉक्टर हार्मोनच्या ज्या गोळ्या लिहून देतात, त्यांचा. विषय बायकांचा आहे म्हणून भावांनी चहाला उठू नये. पैसा घरातलाच जातो, आणि वेचणी-खुरपणी तिच्याच हातानं होते.

हा प्रश्न आपल्याकडे मोठा का? पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कोरडवाहू गावांतून दरवर्षी जोडपी ऊसतोडीला जातात. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं चौकशी केली. ८२ हजारांवर ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजार ८०० हून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहात एक. त्यात चाळिशीच्या आतल्याही पुष्कळ. कारणं आपल्याला ठाऊक आहेत. पाळीत खाडा पडला की मुकादम दंड कापतो. फडावर ना संडास, ना धुवायला पाणी. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं, आणि दवाखान्यात गेलं की कॅन्सरची भीती घालून ऑपरेशन सांगितलं जातं.

ऑपरेशन झालं म्हणजे खर्च संपला असं घरच्यांना वाटतं. तो तिथून सुरू होतो.

पिशवी वेगळी आणि अंडाशय वेगळं, हे आधी समजून घ्या. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशय हार्मोन तयार करत राहतात. दोन्ही अंडाशय काढले तर इस्ट्रोजेन हे हार्मोन एकाएकी तुटतं. अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं झोप उडते, चिडचिड होते, सांधे धरतात. न दिसणारं नुकसान आणखी मोठं आहे. हाडं ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. पस्तिशीच्या बाईची पाळी एरवी आणखी दहा-बारा वर्षं चालली असती. तेवढी वर्षं हार्मोन बाहेरून द्यावं, असं वैद्यकशास्त्र सांगतं, अर्थात ती गोळी तिला चालत असेल तर. म्हणून ज्यांचं ऑपरेशन झालं आहे त्यांनी डिस्चार्ज कार्ड काढून पाहावं. अंडाशय ठेवले की काढले, हे त्यावर लिहिलेलं असतं. कार्ड हरवलं असेल तर दवाखान्यात जाऊन नोंद मागावी.

या गोळ्यांनी कॅन्सर होतो, असंही कानावर येतं. अमेरिकेत २००२ साली एका मोठ्या अभ्यासात दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कॅन्सर आणि रक्ताच्या गुठळ्या थोड्या जास्त आढळल्या. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. चाळिशीच्या आत अंडाशय गेलेल्या बाईचा हिशेब वेगळा आहे. पिशवी नसलेल्या बाईला सहसा एकटं इस्ट्रोजेन पुरतं. पिशवी असेल तर सोबत दुसरं हार्मोन लागतं, नाहीतर पिशवीच्या अस्तराला धोका होतो. मात्र स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, गुठळी होऊन गेली असेल, लिव्हरचा आजार असेल किंवा कारण न समजलेला रक्तस्राव असेल, तर ही गोळी चालत नाही. म्हणून शेजारणीची चिठ्ठी आपल्याला लागू करू नका.

आता पैशाकडे येऊ. युरिया कुठल्याही कंपनीचा घ्या, नत्र ४६ टक्केच. फवारणीचं औषध घेताना आपण डबीवरचं तांत्रिक नाव वाचतो, कारण इमिडाक्लोप्रिड दहा कंपन्यांचं दहा भावांना मिळतं. मग बाईच्या गोळीच्या बाबतीत हा हिशेब का सुटतो? पाकिटावर २०१८ पासून मूळ औषधाचं नाव कंपनीनं ठेवलेल्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापावं लागतं. ते वाचा. इस्ट्राडिओल व्हॅलरेट असेल तर तेच नाव आणि तेवढेच मिलिग्रॅम. बाकीचे पैसे कंपनीच्या नावाचे आणि जाहिरातीचे. औषधांना मूळ नावानंच विकावं, ही शिफारस हाथी समितीनं १९७५ सालीच केली होती.

यात एक मेख आहे. डॉक्टरनं चिठ्ठीवर कंपनीचं नाव लिहिलं, तर तेच औषध दुसऱ्या कंपनीचं देण्याची दुकानदाराला कायद्यानं परवानगी नाही. म्हणजे बचतीची चावी दुकानात नाही, डॉक्टरच्या टेबलावर आहे. डॉक्टरांनी मूळ नावानं औषध लिहावं, हे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. आपण कुणाकडे मेहेरबानी मागत नाही. खुर्चीतून उठण्याआधी एवढंच म्हणायचं, ‘डॉक्टरसाहेब, मूळ नाव लिहून द्या.’

ती चिठ्ठी घेऊन आधी सरकारी दवाखान्यात विचारा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तिथं गोळी नसेल तर जनऔषधी केंद्र पाहा. मात्र हार्मोनची प्रत्येक गोळी तिथं असेलच असं नाही. नसेल तर साध्या दुकानात दोन-तीन कंपन्यांचे भाव विचारा. पोराच्या मोबाइलवर ‘फार्मा सही दाम’ नावाची सरकारी सोय आहे, तीत औषधाचं नाव घातलं की वेगवेगळ्या कंपन्यांचे भाव दिसतात. छापील किंमत ही कमाल किंमत असते. तिच्यापेक्षा कमी भावात द्यायला दुकानदाराला कुणी अडवलेलं नाही.

आणखी दोन ठिकाणी पैसा गळतो. काहींना कातडीवर लावायचं जेल लिहिलं जातं. गुठळीचा धोका असलेल्या बाईला ते खरोखर लागतं, पण ते महाग पडतं. साधी गोळी चालेल का, हे विचारायला लाजू नका. दुसरं, डब्यातल्या ताकदीच्या पावडरी. त्या हार्मोनची जागा घेत नाहीत. त्या पैशात घरी दूध आणि तीळ आणा. आणि बचत म्हणून गोळी एक दिवसाआड करू नका, मनानं बंद करू नका. खर्च झेपत नसेल तर तसं डॉक्टरला सांगा.

पण सगळ्यात मोठी बचत म्हणजे गरज नसताना ऑपरेशन न करणं. सर्वोच्च न्यायालयानं ५ एप्रिल २०२३ रोजी अनावश्यक पिशवी काढण्याच्या प्रकरणात सगळ्या राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. कायदा कागदावर आहे, तो दवाखान्याच्या दारात आपण न्यायचा. कुणी ऑपरेशन सांगितलं की सोनोग्राफीचा कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं, शक्यतो सरकारी. औषधानं भागेल का, आणि अंडाशय ठेवणार का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय सही करायची नाही.

हे आपल्या बायकांना जमेल का, असं कुणी म्हणेल. आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. त्यांनी गावातल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांना जमलं, तर गोळीचं नाव वाचणं आपल्याला अवघड नाही.

तेव्हा काम ठरवून उठू. प्रत्येक गावानं पुढच्या बैठकीला वही आणायची. तिच्यात बाईचं नाव नको. फक्त गोळीचं मूळ नाव, मिलिग्रॅम, कंपनी आणि मोजलेली किंमत. गावोगावच्या वह्या एकापुढे एक ठेवल्या की तीच गोळी कुठं किती भावानं विकली जाते, ते सगळ्यांना दिसेल. मालाचा भाव आपण मागतो, तसा औषधाचाही हिशेब मागायला शिकू.