पंख्याची चूल धूर ओकते तेव्हा

मी नशिराबादहून बोलते आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाचं बिबड्यांचं काम चाललं होतं. ज्वारीचा घाटा अर्धवट शिजला आणि पंख्याची चूल धूर ओकायला लागली. "गेली ही चूल, द्या भंगारात," मावशी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी गार चूल उघडून पाहिली. बिघाड काय, तर राखेनं बुजलेली भोकं!

ही चूल चालते कशी? पंख्याची थोडी हवा खालून लाकडाला लागते. लाकूड तापून त्यातून वायू निघतो. बाकीची हवा वरच्या भोकांतून येते आणि तो वायू जाळते. ही हवा अडली, की तोच वायू धूर होऊन आपल्या डोळ्यांत आणि छातीत जातो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विकसित झालेली 'ऊर्जा' चूलही अशीच पंख्यावर चालायची.

म्हणून धूर दिसला, की क्रमानं तपासा.

पहिलं, जळण. पऱ्हाटी चांगली वाळलेली हवी. बोटभर तुकडे करा, ठासून भरू नका.

दुसरं, भोकं. चूल पूर्ण गार झाल्यावर राख झटका. एकेक भोक बारीक तारेनं मोकळं करा.

तिसरं, पंखा. आधी वीज आणि बॅटरी सोडवा. पात्यांवरची धूळ कोरड्या ब्रशनं काढा. पाणी लावू नका. मग जळण न घालता पंखा लावून भोकांसमोर कागदाची पट्टी धरा. पट्टी हलली, तर हवा येते आहे.

चौथं, वीज. पंखा फिरतच नसेल, तर सैल तार पाहा. चार्जरवर फिरतो पण बॅटरीवर नाही, तर बॅटरी उतरली किंवा संपली. एवढं करूनही जमलं नाही, तरच कारागीर बोलवा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. पंखा बंद पडला तरी निखारे धगधगत असतात. त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं जड झालं, गरगरलं, तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत या आणि दवाखाना गाठा. बंद खोलीत ही चूल पेटवायचीच नाही. पेटत्या चुलीत रॉकेलही ओतायचं नाही.

आमच्या गटात आता दर पंधरा दिवसांनी चूल साफ होते आणि तारीख बचतीच्या वहीत लिहिली जाते. माळ्यावर टाकलेली तुमची चूलही एकदा खाली काढा. कदाचित तिलाही फक्त एक तार फिरवायची असेल.