खरा पाठीराखा कोण?



प्रभादेवीत कबड्डीला पाठीराखे शोधावे लागत नाहीत. फुटबॉलला शोधावे लागतात. १ जून २०१८ रोजी आपल्याच मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर, भारताने चिनी तैपेईवर ५-० असा विजय मिळवला. कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले. प्रेक्षक किती? अवघे २,५६९! दुसऱ्या दिवशी छेत्रीने कळकळीची विनंती केली : टीका करा, शिव्या द्या, पण मैदानावर येऊन द्या. ४ जूनला, केनियाविरुद्धच्या त्याच्या शंभराव्या सामन्याला, भर पावसात मैदान भरले.

आम्हीही त्या हाकेनंतरच गेलो, हे कबूल केले पाहिजे. आमचे आयुष्य युनियनच्या कामात गेले. संपाच्या सभेला मैदान अपुरे पडते. पण दरमहा वर्गणी मागायला गेले की दारे लागतात. संघटना जगते ती गाजावाजा नसताना वर्गणी देणाऱ्यांवर. हे दुसऱ्यांना शिकवणारे आम्ही, खेळाच्या बाबतीत मात्र सभेपुरतेच निघालो!

हाकेला ओ देणे वाईट नव्हे. परंतु खरा पाठीराखा तो, जो हाक येण्यापूर्वीच तिकीट काढून बसला होता. संघाला बोल लावण्याचा पहिला अधिकारही त्याचाच. पुढल्या साध्या सामन्यालाही आपण त्याच्या शेजारी जाऊन बसलो, तरच त्या हाकेचे चीज झाले.