अळंबीला ऊन दाखवा



पावसाळा लागला की पालघर आणि बोईसरच्या बाजारात आदिवासी बाया रानभाज्यांचे वाटे मांडून बसतात. टाकळा, शेवळं, कोरळ. एखाद्या दिवशी पानावर अळंबी दिसते आणि बघता बघता संपते. हिरव्या भाज्यांत लोह आहे, कॅल्शियम आहे; ड जीवनसत्त्व मात्र जवळजवळ नाही. ज्या घरात तारली-बांगडा शिजतो, त्यांना ते माशातून थोडंफार मिळतं. शाकाहारी माणसाने जायचं कुठे? अळंबीकडे.

अळंबी ही वनस्पती नव्हे, बुरशी. तिच्यात अर्गोस्टेरॉल असतं. उन्हातले अतिनील किरण त्यावर पडले की त्याचं ड२ जीवनसत्त्व होतं. बोईसरजवळच्या तारापूरकरांना किरण म्हटलं की अणुवीज केंद्रच आठवणार, पण हे किरण आकाशातले आणि फुकटचे. असल्या द्रव्यांचं जीवनसत्त्वांशी असलेलं नातं उलगडल्याबद्दल जर्मनीच्या आडोल्फ विंडाउस यांना 1928 साली नोबेल मिळालं.

गंमत अशी, की दुकानातली पांढरी बटण अळंबी वाढते अंधाऱ्या खोलीत. अर्गोस्टेरॉल भरपूर, ड जीवनसत्त्व नावापुरतं. भाताच्या पेंढ्यावर सावलीत वाढवलेल्या धिंगरीचीही तीच गत. उपाय सोपा आहे. अळंबीच्या चकत्या करा, ताटात पसरा आणि सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान अर्धा-पाऊण तास गच्चीवर ठेवा. काचेच्या खिडकीआड नको, काच हे किरण अडवते. अशा शंभर ग्रॅम अळंबीत 10 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त ड२ तयार होऊ शकतं. आयसीएमआरने 2020 साली मोठ्या माणसासाठी दिवसाला 15 मायक्रोग्रॅम सांगितले आहेत. शिजवल्यावर बरंचसं टिकतं. फोडणीला तेल असू द्या, हे जीवनसत्त्व तेलात विरघळतं. ड२ रक्तात ड३ या दुसऱ्या रूपाइतकं टिकत नाही, हेही खरं.

दगडफुलाच्या जातकुळीतल्या काहींत ड३ सुद्धा सापडतं. पण गोड्या मसाल्यातल्या चिमटीभर दगडफुलावर भिस्त ठेवू नका. ‘दिन का राजा’ नावाच्या फुलझाडाच्या पानांत तर या जीवनसत्त्वाचं इतकं जहाल रूप असतं, की अमेरिकेत फ्लोरिडात ती खाऊन गुरांच्या धमन्यांत कॅल्शियम साचलं. तो पाला औषध म्हणून कुणी सुचवला तर ऐकू नका.

एमआयडीसीच्या शेडमध्ये पाळी करणाऱ्यांना आणि पहाटेच्या गाडीने मुंबई गाठणाऱ्यांना ऊन दिसतं ते सुट्टीच्या दिवशी. त्यांनी त्या दिवशी अळंबीबरोबर स्वतःही थोडं उन्हात बसावं. रानातली अळंबी मात्र जाणकाराने ओळखून दिल्याशिवाय खाऊ नका, विषारी जाती दिसायला सारख्याच असतात. आणि रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व फारच कमी आलं असेल, तर अळंबीच्या भरवशावर डॉक्टरांची गोळी बंद करू नका.